फोन आपला, किल्ली कोणाची?

यंदा मंडळाचा तिळगूळ समारंभ झाला, चहा सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे माझ्यापुढे फोन यायला लागले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला मोबाइलमधले सगळे कळते, असा आपल्या इंदूरकर मंडळींचा एक समज आहे. खरे सांगायचे तर मला जे काही येते त्यातले अर्धे पुतण्याने शिकवले आणि अर्धे चुकांनी. त्या संध्याकाळी समोर आलेले दोन फोन मात्र काही केल्या डोक्यातून जाईनात, म्हणून हा लेख लिहायला बसलो.

पहिला फोन सुदामानगरच्या एका काकांचा. वय अठ्ठ्याहत्तर, पेन्शनचा जमाखर्च स्वतः बघतात. त्यांच्या बँकेच्या ॲपने सूचना दाखवली होती की या फोनमधले अँड्रॉइड जुने झाले असून पुढच्या महिन्यापासून ॲप चालणार नाही. फोन ठणठणीत. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी रात्रीपर्यंत टिकते. काका म्हणाले, "अहो, फोनला काही झालेलं नाही, मग बँकेला काय होतंय?"

दुसरा फोन एका वहिनींचा. डिसेंबरात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून, आरटीओ चालानची म्हणून एक फाइल आली. मुलाची स्कूटर त्यांच्या नावावर, म्हणून त्यांनी ती उघडली. फोनने एकदा इशारा दिला, पण फाइलबरोबर आलेल्या मजकुरात तो इशारा कसा बाजूला करायचा हे शुद्ध हिंदीत लिहिलेले होते. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि चालान भरण्यासाठी कार्डाचा नंबर मागितला. वहिनींनी दोन्ही दिले. त्या रात्री दोन व्यवहारांत ४८,००० रुपये गेले. "मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही हो," हे त्या मला तीन वेळा म्हणाल्या. खरेच आहे. ओटीपी सांगावाच लागला नाही, त्या ॲपने तो परस्पर वाचून पुढे पाठवला. आम्ही बँकवाले वीस वर्षे ग्राहकांना एकच मंत्र देत आलो, ओटीपी कोणाला सांगू नका. तो मंत्र इथे उपयोगी पडला नाही, याची मला मनातून लाज वाटली.

काकांचा फोन नवे सॉफ्टवेअर मिळत नाही म्हणून अडला, तर वहिनींच्या फोनमध्ये नको ते सॉफ्टवेअर सहज शिरले. प्रश्न मात्र एकच आहे. आपण पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये काय चालावे, हे कोणी ठरवायचे? सध्या या प्रश्नाचा निकाल आपल्याला फारसे न विचारता लागतो आहे.

आधी माझा अनुभव सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

काकांसारखाच माझाही एक फोन होता, सहा वर्षांपूर्वी चौदा हजारांना घेतलेला. कंपनीने तीन वर्षांनी त्याला अपडेट देणे थांबवले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तेव्हा बहुतेक सगळ्यांचीच ही रीत होती. पुतण्या म्हणाला, "काका, यात लिनेजओएस टाकू या, फोन नवा होईल." लिनेजओएस म्हणजे स्वयंसेवकांनी तयार केलेले अँड्रॉइड. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, तो कोणीही घेऊन त्यात बदल करू शकतो. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने सायनोजेनमॉड सुरू केले, २०१३ मध्ये त्याची कंपनी झाली आणि २०१६ च्या डिसेंबरात तिने हे काम गुंडाळले. त्यावर काम करणाऱ्या मंडळींनी तेच पुढे लिनेजओएस नावाने चालू ठेवले. आपल्याकडे सायनोजेनचे नाव २०१४ च्या सुमारास पुष्कळ ऐकू आले. वनप्लसचा पहिला फोन ते घेऊन आला आणि त्याच सॉफ्टवेअरच्या भारतातल्या हक्कावरून मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. म्हणजे फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूच्या हक्कासाठीही कोर्टाची पायरी चढतात. बँकेत राहून मला याचे नवल वाटत नाही.

प्रत्यक्ष काम एका रविवारी सकाळी दहाला सुरू केले. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबर लिहिलेला असतो, त्यावर सात वेळा बोट टेकवले की फोन सांगतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. एवढ्या स्वस्तात मिळालेली ही माझी एकमेव पदवी! मग ओईएम अनलॉकिंग नावाचा पर्याय चालू करायचा, फोन केबलने संगणकाला जोडायचा आणि बूटलोडरचे कुलूप उघडायचे. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. स्ट्राँगरूमच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखा तो आत येणाऱ्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सही आहे का, हे तपासतो. कुलूप उघडले की तो कंपनीच्या सहीचा आग्रह सोडतो. पण त्याच क्षणी फोनमधले सगळे पुसले जाते. फोटो, संदेश, नोंदी, सगळे. हा नियम मला पटतो. चोराने फोन पळवून कुलूप उघडले तर त्याच्या हाती रिकामी पाटी लागावी, हा त्यामागचा विचार. पण हे आधी माहीत नसेल तर मालकाच्या हातीही तीच पाटी येते.

त्यानंतर रिकव्हरी नावाचा छोटा भाग, मग मुख्य सॉफ्टवेअर, मग गूगलच्या ॲप्सचे वेगळे पाकीट, असा क्रम आहे. लिनेजओएसमध्ये प्ले स्टोअर वगैरे नसते, ते आपण वेगळे घालायचे आणि तेही फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच. आम्ही उत्साहाच्या भरात फोन आधी सुरू केला, त्यामुळे सगळे पुन्हा करावे लागले. दुपारचे जेवण चारला झाले. घरातून काय ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

फोन मात्र खरोखर नवा झाला. अँड्रॉइड नवे, सुरक्षेचे पॅच त्याच महिन्याचे, वेगही वाढलेला. कंपनीने भरलेला नको असलेला ऐवज गेला. त्या संध्याकाळी मला वाटले की आपण जिंकलो.

खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू झाले. घर बदलताना सामान नव्या घरी पोचणे वेगळे आणि संसार मांडणे वेगळे, तसेच इथे आहे. गूगल खात्यातला बॅकअप घेतला होता, त्यामुळे ॲप्सची यादी आली आणि एकेक करून ती उतरलीही. पण कितीतरी डबे रिकामे निघाले. गूगलचा बॅकअप एका ॲपमागे २५ एमबीपर्यंतच माहिती ठेवतो आणि माहिती ठेवू द्यायची की नाही हे ॲप बनवणारा ठरवतो. बँकांची ॲप्स ती देत नाहीत, हे योग्यच. पण माझे रक्तदाबाच्या नोंदींचे ॲपही देत नव्हते. चार वर्षांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, डॉक्टरांना दाखवायच्या, गेल्या. ॲपमध्ये त्या नोंदी फाइल करून बाहेर काढायची सोय होती, मी ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. लोकांना पासबुक वेळेवर भरून घ्या म्हणून सांगण्यात माझी नोकरी गेली!

व्हॉट्सॲपचे गणित निराळे. त्याचा बॅकअप स्वतंत्र असतो. तोच नंबर आणि तेच गूगल खाते असेल तरच तो परत मिळतो, आणि सुरुवातीच्या मांडणीतच तो घ्यायचा असतो. घाईत 'वगळा' दाबले तर सगळा उद्योग पुन्हा. शिवाय हा बॅकअप आता गूगलच्या फुकट १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे खाते आधीच भरलेले असेल तर बॅकअप कित्येक महिने झालेलाच नसतो आणि तसे सांगणारी सूचना आपण पुसून टाकलेली असते. दोन टप्प्यांच्या सुरक्षेचे कोड देणारे ॲप २०२३ पासून गूगल खात्याशी जोडता येते, माझे जोडलेले नव्हते. नशिबाने कागदावर लिहून ठेवलेले राखीव कोड देवघराच्या खणात सापडले. डिजिलॉकर सहज उघडले, कारण त्यातले कागद फोनमध्ये नसतातच. कीबोर्डने मात्र माझ्याकडून शिकलेली सगळी आडनावे विसरून टाकली होती, आणि आठवडाभर तो मला पटवर्धनांच्या जागी पटेल सुचवत राहिला.

आणि मग बँकेचे ॲप. माझ्याकडे तीन बँकांची ॲप्स होती. एक चालले. दोघांनी सांगितले की सुरक्षेच्या कारणास्तव या उपकरणावर ॲप चालणार नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲप सुरू होताना ते गूगलला विचारते, की हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का? या व्यवस्थेचे नाव प्ले इंटेग्रिटी. पूर्वी सेफ्टीनेट होते, त्याची जागा हिने घेतली. बूटलोडरचे कुलूप उघडे असेल तर गूगल तसे प्रमाणपत्र देत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय आत घ्यायचे की नाही हे बँक ठरवते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेबद्दल जे निर्देश दिले त्यात रूट केलेला फोन ओळखून तिथे ॲप चालू न देण्याचा विचार करा, असे बँकांना सुचवले आहे. रूट करणे म्हणजे फोनमधल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या स्वतःकडे घेणे. मी ते केलेलेच नव्हते. पण दाराचे कुलूप उघडे म्हटल्यावर बँकेने आतल्या खोल्या तपासत बसावे, ही अपेक्षा मी तरी करणार नाही.

तरीही मला एक गोष्ट खुपते. माझ्या फोनमध्ये कंपनीचे जुने सॉफ्टवेअर होते, तीन वर्षे एकही पॅच न मिळालेले, तेव्हा याच दोन्ही बँकांची ॲप्स त्यावर बिनतक्रार चालत होती. त्याच फोनमध्ये चालू महिन्याचे पॅच आल्यावर तो असुरक्षित ठरला. लिनेजओएसवाले चिप बनवणाऱ्या कंपनीकडचे भाग दुरुस्त करू शकत नाहीत, ते जुनेच राहतात, हे मान्य. पण इथे दार किती भक्कम आहे हे कोणी पाहिलेच नाही, दारावर सही कोणाची आहे एवढेच पाहिले. माल न मोजता फक्त शिक्का बघून तारण मंजूर करणाऱ्या शाखाधिकाऱ्याला आम्ही लेखापरीक्षणात काय म्हणायचो ते आठवले.

या तपासणीला चकवणाऱ्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. जेल रोडच्या मोबाइल बाजारातही 'करून देतो' म्हणणारे भेटतात. माझा सल्ला विचाराल तर या वाटेला जाऊ नका. त्या युक्त्या चार-सहा महिन्यांत उघड्या पडतात ही एक बाब. दुसरी बाब मोठी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. फोनबद्दल बँकेला खोटे प्रमाणपत्र दाखवणाऱ्या ग्राहकाची बाजू, मी त्या खुर्चीवर असतो तर, मला मांडता आली नसती.

आता बातमीकडे येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर यापुढे फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स बसवता येतील. प्ले स्टोअरवरची तर आहेतच, पण बाहेरून, म्हणजे एपीके फाइलने टाकायची ॲप्सही यात आली. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बाकीचे जग, म्हणजे आपणही. डेव्हलपरने सरकारी ओळखपत्र द्यायचे आणि २५ डॉलर भरायचे. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित फोनवर चालणारे वेगळे खाते. यावर बराच गदारोळ झाला. मोफत, खुल्या ॲप्सचे एफ-ड्रॉइड नावाचे भांडार आहे, त्यांनी सांगितले की ही योजना अशीच आली तर आमचे काम संपेल. नोव्हेंबरमध्ये गूगलने थोडे माघार घेत म्हटले, की जाणकारांना धोका पत्करून अनोळखी ॲप बसवण्यासाठी एक वेगळा, मुद्दाम अवघड ठेवलेला मार्ग देऊ.

वहिनींची गोष्ट ऐकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया होती, बरे झाले. गूगलच्याच म्हणण्याप्रमाणे इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या पन्नासपटीहून जास्त घातक सॉफ्टवेअर सापडते. आकडा गूगलचा आणि प्ले स्टोअरही गूगलचे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण त्याची दिशा चुकीची नसावी. आरटीओ चालान, लग्नपत्रिका, विजेचे बिल अशा नावांनी येणाऱ्या फाइली आपल्यापैकी प्रत्येकाच्या ग्रुपवर येऊन गेल्या आहेत.

पण नंतर मला केवायसी आठवले. ही योजना म्हणजे डेव्हलपरचे केवायसी. बँकेत ते आले तेव्हा मी शाखेत होतो. पहिल्या वर्षभरात काउंटरवर कोण अडले? वीस वर्षांपासून खाते असलेल्या आजीबाई, ज्यांच्या रेशनकार्डावर सुलोचना आणि पासबुकात सुलोचनाबाई होते. ज्याला फसवायचे होते तो सगळे कागद नेटके लावून आला. पुढे तर भाड्याने खाती मिळायला लागली. गरजू मुलगा चार-पाच हजारांसाठी स्वतःच्या नावाचे खाते, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतो. केवायसी अगदी चोख, फक्त माणूस भलताच. वहिनींचे पैसेही अशाच खात्यांतून पुढे गेले. केवायसी निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही, त्यामुळेच पैशाचा माग काढता येतो. पण त्याने चोरी थांबली नाही. भाड्याने खाते मिळते तिथे भाड्याने डेव्हलपरही मिळेल, आणि २५ डॉलर हा त्या धंद्यातला किरकोळ खर्च आहे.

आणि अडणार कोण? गेल्या गणेशोत्सवात स्पर्धांच्या नोंदणीसाठी एका सभासदांच्या मुलीने छोटे ॲप केले होते, आठवत असेल. त्याची फाइल तिने व्हॉट्सॲपवरच पाठवली, आणि आपण सगळ्यांनी इशारे बाजूला सारून ती बसवली. मीसुद्धा! ती मुलगी पुढच्या वेळी आपली ओळखपत्रे अमेरिकन कंपनीकडे पाठवून परवानगी घेईल, की गूगलचा फॉर्म करून मोकळी होईल? फॉर्मच करेल. मात्र हेही कबूल करायला हवे, की ग्रुपवर आलेली फाइल डोळे झाकून बसवायची सवय आपल्याला लावण्यात आपल्या मंडळाचाही थोडा हात आहे. चालानची फाइल त्याच वाटेने आली.

वहिनींसारख्यांना वाचवायला याहून नेमका उपाय आहे आणि तो गूगलनेच सिंगापूरमध्ये २०२४ पासून करून पाहिला, पुढे भारतातही आणला. इंटरनेटवरून किंवा मेसेजमधून आलेले ॲप एसएमएस वाचणे, सूचना वाचणे किंवा पडद्यावरचा ताबा अशी धोक्याची परवानगी मागत असेल, तर ते बसवतानाच अडवायचे. इथे ॲप कोणी केले याहून ते काय मागते आहे हे बघितले जाते. संशयास्पद व्यवहार आम्ही असाच पकडायचो, खातेदाराचे तोंड बघून नव्हे. वहिनींच्या फोनमध्ये ही तपासणी करणारे प्ले प्रोटेक्ट बंद होते. आलेल्या मजकुरात तेही बंद करायला सांगितलेले होते, आणि त्यांनी केले.

दुसऱ्या बाजूने काकांची वाटही बंद होत चालली आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलने सांगितले की अँड्रॉइडचे काम यापुढे पूर्णपणे आत, स्वतःपुरते चालेल आणि आवृत्ती तयार झाली की कोड बाहेर येईल. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला, पण गूगलच्या पिक्सेल फोनसाठी त्याबरोबर जे जोडभाग दरवेळी मिळत ते आले नाहीत, आणि स्वयंसेवकांचे काम कितीतरी वाढले. शाओमीच्या फोनचे कुलूप उघडायला आधी अर्ज करून थांबावे लागते. सॅमसंगने २०२५ मध्ये नव्या आवृत्तीबरोबर कुलूप उघडण्याचा पर्यायच काढून टाकला. अपडेट द्यायची मुदत कंपनीने ठरवायची, मुदत संपल्यावर दुसऱ्याने दिलेले अपडेट चालू द्यायचे नाही, आणि बँकेने म्हणायचे की अपडेट नसेल तर फोन बदला. तिघेही आपापल्या जागी नियमात बसतात. भुर्दंड पेन्शनरला.

आपल्याकडे याचा विचारच झाला नाही असे नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हाच्या निर्देशांत बाहेरून ॲप बसवण्यावर बंधने घालू नयेत असाही एक निर्देश होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा निर्देश रद्द केला. दंडाचा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आला, या निर्देशाचे काय झाले ते कोणी सांगितले नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढले. युरोपात जून २०२५ पासून नियमच आहे की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्यायचे. भारतात असे बंधन नाही. कंपनी सात वर्षे म्हणते तेव्हा ती तिची मर्जी, आणि बहुतेक वेळा ती महागड्या फोनपुरती.

सरकारचीही एक झलक नोव्हेंबरात दिसली. दूरसंचार विभागाने आदेश काढला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून असलेच पाहिजे. ॲप उपयोगी आहे. हरवलेला फोन बंद करायला मी स्वतः ते वापरले आहे. पण उपयोगी असणे वेगळे आणि न विचारता घरात आणून बसवणे वेगळे. आरडाओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. गंमत अशी की सरकारने एक ॲप घालायचे म्हटल्यावर देश हादरला, आणि फोनबरोबर न काढता येणारी डझनभर ॲप्स कंपन्या वर्षानुवर्षे देत आल्या, तेव्हा आपण काहीच बोललो नाही.

मला लॉकरची पद्धत बरी वाटते. बँकेचे लॉकर दोन किल्ल्यांनी उघडते, एक बँकेची, एक ग्राहकाची. बँक एकटी उघडू शकत नाही, ग्राहकही नाही. आत काय ठेवले याची बँक यादी करत नाही, पण दाराशी कोण आले याची नोंद मात्र करते. फोनमध्ये आज दोन्ही किल्ल्या कंपनीकडे चालल्या आहेत. मालकाची किल्ली मालकाकडे राहावी, ती वापरायला अवघड असावी, वापरली की फोनने सुरू होताना प्रत्येक वेळी तसा इशारा दाखवावा (आजही दाखवतो), आणि त्या फोनवर मला घेऊ नका म्हणण्याचा बँकेचा हक्क राहावा. आणि निदान अपडेट बंद करणाऱ्या कंपनीने त्या दिवसापासून कुलूप उघडू द्यावे. ज्या मालाची जबाबदारी तुम्ही सोडली, त्यावरचा ताबाही सोडा. ग्राहक मंत्रालयाकडे मागायची गोष्ट असेल तर ती ही, आणि ती मागायला संगणक शिकावा लागत नाही.

सभासदांसाठी थोडे कामाचे. रोजच्या, बँक असलेल्या फोनमध्ये दुसरे सॉफ्टवेअर घालू नका, कोणी फुकट करून देत असला तरी. घालायचेच असेल तर पडून असलेल्या जुन्या फोनमध्ये, आणि त्याआधी फोटो संगणकावर, व्हॉट्सॲपचा ताजा बॅकअप, कोड देणाऱ्या ॲपचे राखीव कोड कागदावर आणि नोंदींच्या ॲप्समधल्या नोंदी फाइल करून बाहेर, एवढे करा. बॅकअप घेतला आहे असे समजू नका, उघडून त्याची तारीख बघा. ही कामे सॉफ्टवेअर बदलायचे नसले तरी करायची आहेत, फोन रिक्षातही विसरतो. नवा फोन घेताना दुकानदार कॅमेरा दाखवेल, तुम्ही अपडेट कोणत्या साली बंद होणार ते विचारा. आणि पैसे गेलेच तर आधी १९३० ला आणि बँकेला फोन, मग घरच्यांना. वहिनींनी सकाळी उठल्याबरोबर तक्रार केली, म्हणून १७,००० रुपये पुढच्या एका खात्यात अडवले गेले. ते परत मिळण्याची कारवाई चालू आहे. उरलेल्यांचा पत्ता नाही.

काकांनी शेवटी नवा फोन घेतला. जुना त्यांनी मला दिला आहे, बघ काही होतंय का म्हणून. त्या मॉडेलसाठी लिनेजओएस नाही, आणि कुलूप उघडायचा पर्यायही दिसत नाही, तेव्हा तो तसाच पडून आहे. माझा स्वतःचा जुना फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, सिम नाही, बँक नाही. त्यावर सकाळी नाट्यसंगीत लागते आणि दर महिन्याला सुरक्षेचे पॅच नेमाने येतात. रक्तदाबाच्या नोंदी मी आता वहीत करतो.